शहापुरातील डीटीपी केंद्र आणि गिटारचे टाइपसेट नोटेशन : एक परीक्षण

एरवी लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका तयार करणारे बेळगावच्या शहापूर भागातील एक छोटे डीटीपी केंद्र आता पाश्चात्त्य पद्धतीचे स्टाफ नोटेशनही (पाच रेघांच्या पट्टीवरची स्वरलिपी) टाइपसेट करून देते. गिटारच्या वर्गासाठी लागणारी एक अभ्यासपुस्तिका मी तेथून करून घेतली. तिच्यात एकोणिसाव्या शतकातील काही सोपे स्वराभ्यास, काही मराठी गाण्यांच्या गिटारसाठी केलेल्या मांडण्या आणि कॅम्प भागातील गायकवृंदासाठी लिहिलेले नाताळगीतांच्या साथीचे भाग आहेत. पुढे दोषांचाही उल्लेख येणार असल्यामुळे आणि केंद्र चालवणारे दोघे भाऊ हे काम अजून शिकत असल्यामुळे केंद्राचे नाव येथे दिलेले नाही.

आपल्या भागात या सेवेची गरज किती आहे, हे गिटार शिकवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील वर्गांत बहुतेक साहित्य हाताने लिहिलेले असते आणि ते झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. मोठ्या खुणा त्यातूनही टिकतात. पण नोटेच्या शेजारी लिहिलेला बोटाचा बारीक आकडा, तारेच्या क्रमांकाभोवतीचे वर्तुळ आणि बारेची (तर्जनी आडवी टाकून अनेक तारा दाबण्याची) तुटक रेघ या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत पुसट होऊन जातात. गिटारच्या बाबतीत नेमक्या त्याच खुणा महत्त्वाच्या असतात.

याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. पियानोवर किंवा हार्मोनियमवर लिहिलेल्या एका स्वरासाठी एकच पट्टी असते. गिटारवर तसे नाही. पहिली तार मोकळी छेडल्यावर वाजणारा ‘ई’ हाच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या, चौथ्या तारेच्या चौदाव्या आणि पाचव्या तारेच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरील आडवी पट्टी) मिळतो. पाच रेघांच्या पट्टीवर या पाचही ठिकाणांसाठी एकच नोट लिहिली जाते. कोणती जागा निवडायची हे वादकाने ओळखायचे किंवा छापणाऱ्याने सांगायचे, आणि विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत तर ते छापणाऱ्यानेच सांगायला हवे. म्हणूनच या केंद्राच्या कामाचा विचार करताना केवळ स्वर बरोबर आहेत की नाहीत एवढे पाहून भागत नाही.

स्वर मात्र बरोबर होते, आणि हे आधी सांगितले पाहिजे. हस्तलिखितावरून केलेल्या पहिल्याच प्रूफमध्ये स्वरांच्या आणि मात्रांच्या चुका अगदी किरकोळ होत्या. धाकटे बंधू कीबोर्ड वाजवतात, त्यामुळे स्टाफ नोटेशन त्यांना वाचता येते. ते म्युझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यात वाद्य निवडताना गिटारच निवडतात, ही लहान वाटणारी गोष्ट त्यांनी योग्य केली आहे. गिटारचे लेखन प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर केले जाते. लिहिलेला मध्य ‘सी’ वाजतो तो त्याच्या खालचा ‘सी’, आणि सहावी मोकळी तार पट्टीखालच्या तिसऱ्या जादा रेघेच्याही खाली लिहिली जाते. आज बहुतेक प्रकाशक हे दाखवण्यासाठी ट्रेबल क्लेफच्या (पट्टीच्या सुरुवातीच्या वळणदार चिन्हाच्या) पायाशी एक लहान आठचा आकडा देतात. जुन्या आवृत्त्यांत तो नसे आणि वाचणाऱ्याने ते गृहीत धरावे अशी अपेक्षा असे. एकट्या गिटारसाठी आठचा आकडा नसला तरी काही बिघडत नाही, पण कीबोर्ड, गायकवृंद आणि गिटार एकाच पानावर येतात तेव्हा तो हवाच. नाताळगीतांच्या पानांवर तो सर्वत्र आहे.

अक्षरजुळणीचा अनुभव या भावांच्या कामात दिसतो. नोटांमधील अंतर त्यांच्या मूल्यांच्या प्रमाणात आहे, बार (मात्रांचे ठरावीक गट) पानाच्या रुंदीत ओढूनताणून बसवलेले नाहीत, आणि शेवटची ओळ अर्धवट उरली तर ती ताणून सगळी रुंदी भरण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. पट्टीची उंची पहिल्या प्रूफमध्ये थोडी लहान होती. स्टँडवर ठेवून वाचायच्या पानासाठी पाच रेघांची मिळून साधारण ७ मिलिमीटर उंची सोयीची असते. ही सूचना दिल्यावर त्यांनी सगळी पाने न कुरकुरता पुन्हा बसवली.

खरी कसोटी लागली ती दोन आवाजांच्या लेखनात. गिटारच्या एकाच पट्टीवर वरची चाल आणि खालचा खर्ज असे दोन, कधी तीन स्वतंत्र आवाज लिहिले जातात. वरच्या आवाजाच्या दांड्या (नोटेच्या गोल डोक्याला जोडलेल्या उभ्या रेघा) वर आणि खर्जाच्या खाली, हा त्यातला पाया. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या बऱ्याच गिटार प्रकाशनांत सगळे स्वर एकाच ओघात, खर्ज किती वेळ गुंजत ठेवायचा ते न सांगता लिहिलेले आढळतात. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि माउरो जुलियानी (१७८१–१८२९) यांच्या काळात आवाज वेगळे करून लिहिण्याची रीत पक्की झाली. तीमुळे विद्यार्थ्याला एका नजरेत कळते की अंगठ्याने छेडलेला स्वर तीन मात्रा दाबून ठेवायचा आहे आणि वरची बोटे त्यावर फिरायची आहेत.

केंद्राने हा पाया पाळला आहे, पण जेथे दोन्ही आवाजांची एकच नोट असते तेथे पाने बिघडली होती. तीन मात्रांच्या बारमध्ये सहा क्वेव्हर्सची (अर्ध्या मात्रेच्या नोटांची) लड असते आणि तिची पहिली नोट हाच खर्ज असतो, ही गिटारच्या स्वराभ्यासातील अगदी नेहमीची रचना आहे. त्या नोटेला वर क्वेव्हरची दांडी आणि खाली तीन मात्रांची, टिंब दिलेली दांडी लागते, आणि रूढ पद्धतीनुसार दोन्ही दांड्या पोकळ डोक्याच्या एकाच नोटेला जोडतात. सॉफ्टवेअर मात्र पोकळ आणि भरीव डोक्यांच्या नोटा आपण होऊन एकत्र करत नाही. त्या शेजारीशेजारी छापते. परिणामी पुस्तिकेच्या पहिल्या प्रूफमध्ये प्रत्येक बारच्या सुरुवातीला एकच स्वर दोनदा लिहिल्यासारखा दिसत होता, आणि नवशिक्या विद्यार्थ्याने तो दोन तारांवर शोधला असता. यावरचा उपाय भरीव डोके अदृश्य करून पोकळ डोके त्याच्या जागी सरकवणे हा आहे. काम कंटाळवाणे असले तरी केंद्राने ते प्रत्येक बारमध्ये केले. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा लागतो: एका आवाजात एक मात्रेची आणि दुसऱ्यात दोन मात्रांची नोट असेल, तर डोकी एकत्र करू नयेत, कारण एक मात्रेच्या दांडीला ना शेपूट असते ना नोटा जोडणारा पट्टा, आणि मग दोन्हींतील फरक दाखवणारे काहीच उरत नाही. लिलीपाँड या दुसऱ्या मोफत प्रणालीत डोकी एकत्र करण्याची आज्ञा आहे, आणि हा अपवादही ती प्रणाली पाळते. पण तिच्यात सगळे नोटेशन मजकुराच्या रूपात टंकावे लागते, त्यामुळे माऊसवर हात बसलेल्या डीटीपी कारागिराला ती पटकन रुचेल असे वाटत नाही.

विरामचिन्हांबाबत केंद्राचा कल अतिकाटेकोरपणाकडे आहे. खर्जाचा आवाज गप्प असताना प्रत्येक बारमध्ये त्याचे विराम छापलेच पाहिजेत असे नाही. संदर्भ स्पष्ट असेल तर ते गाळणे हीच गिटार लेखनातील रूढी आहे, अन्यथा पट्टीखाली विरामांची रांग लागते आणि बोटांच्या आकड्यांना जागा उरत नाही.

बोटांच्या खुणांकडे वळू. डाव्या हाताच्या तर्जनीपासून करंगळीपर्यंत १ ते ४ आणि मोकळ्या तारेला शून्य. उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांना पी, आय, एम, ए ही स्पॅनिश नावांची आद्याक्षरे. आणि तारेचा क्रमांक वर्तुळात. एवढीच ही परिभाषा आहे, पण बोट, मोकळी तार आणि तारेचा क्रमांक या तिन्हींसाठी आकडेच वापरले जात असल्यामुळे जागा चुकली की अर्थ चुकतो. पियानोवर १ म्हणजे अंगठा आणि गिटारवर १ म्हणजे तर्जनी, हा भेद धाकट्या बंधूंना कीबोर्डमुळे सुरुवातीला अडखळवणारा ठरला, आणि काही ठिकाणी हस्तलिखितातील १ चा २ करून ‘दुरुस्त’ केलेला आढळला. अशी दुरुस्ती विचारल्याशिवाय करू नये, एवढी अपेक्षा कोणत्याही जुळारीकडून असते. विचारल्यावर त्यांनी ती सर्व ठिकाणी मागे घेतली.

डाव्या हाताचा आकडा नोटेच्या लगत, शक्यतो डावीकडे आणि पट्टीच्या रेघेवर न चढता यावा. उजव्या हाताची अक्षरे पट्टीबाहेर यावीत. आणि वर्तुळातील क्रमांक त्याहीपलीकडे यावा, म्हणजे डोळ्याला तीन थर वेगळे दिसतात. मूळच्या मांडणीत सॉफ्टवेअरने सगळे आकडे नोटांच्या वर रचून ठेवले होते. एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांच्या झंकाराला वर तीन आकड्यांचा मनोरा उभा राहिला की कोणता आकडा कोणत्या स्वराचा, हे मोजत बसावे लागते. दुसऱ्या प्रूफमध्ये हे आकडे डोक्यांच्या डावीकडे आणले गेले आणि पाने एकदम वाचनीय झाली. अंतिम प्रतीत तरीही काही आकडे रेघेवर बसलेले आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीचा छोटा चौकोन देऊन ते सोडवता आले असते.

येथे थोडे विषयाच्या कडेने बोलतो. अनेक शिक्षकांना प्रत्येक नोटेला बोट लिहून हवे असते आणि जुळारी ते निमूटपणे छापतो. पहिल्या स्थानातील सोप्या धड्यात प्रत्येक मोकळ्या तारेला शून्य दिल्याने विद्यार्थी नोट वाचायचे सोडून आकडे वाचू लागतो. हात सरकतो तेथे, एकच बोट दोनदा येण्याचा धोका असतो तेथे आणि तार बदलते तेथे खूण द्यावी. बाकीचे पान मोकळे असावे. बोट तारेवरून न उचलता सरकवायचे असेल तर पुढच्या आकड्याआधी एक छोटी आडवी रेघ देतात. ती या केंद्राने नीट दिली आहे, हे मुद्दाम नोंदवतो, कारण मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही ती कित्येकदा गहाळ असते.

बारेच्या खुणेत एकवाक्यता नाही आणि तिचा दोष केंद्राचा नाही. तर्जनी आडवी टाकून अनेक तारा दाबण्याच्या या क्रियेला स्पॅनिश परंपरेतील प्रकाशक ‘सी’ हे अक्षर वापरतात आणि काही जण ‘बी’ वापरतात; त्यापुढे फ्रेटचा रोमन आकडा येतो. अर्ध्या बारेसाठी कोणी अक्षरावर उभी रेघ मारतो, कोणी आधी एक-द्वितीयांश लिहितो. यांपैकी कोणतीही पद्धत चालेल, मात्र एका पुस्तिकेत एकच हवी. आमच्या पुस्तिकेत दोन्ही अक्षरे आली, कारण हस्तलिखिते वेगवेगळ्या काळातील होती आणि कारागिराने जसे दिसले तसे उतरवले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की काही ठिकाणी अक्षर गळून नुसता रोमन आकडा राहिला. नुसता रोमन पाच म्हणजे हात पाचव्या स्थानावर ठेवा, बोट आडवे टाकू नका. अक्षरासह रोमन पाच म्हणजे बारे धरा. विद्यार्थ्याच्या मनगटाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. बारे कुठपर्यंत धरायची हे दाखवणारी, शेवटी खाली वळलेली रेघ मात्र सर्वत्र अचूक बारपाशी थांबवलेली आहे.

सर्वांत जास्त लाल शाई लागली ती स्लरच्या कमानींना. नाताळगीतांच्या साथीचे भाग मूळ पियानोच्या प्रतीवरून उतरवले होते आणि त्यांतील चार-चार बारांवर पसरलेल्या वाक्यखंडाच्या कमानी तशाच राहिल्या. गिटारवादकासाठी दोन वेगळ्या स्वरांवरील कमान म्हणजे डाव्या हाताचे काम: पहिला स्वर छेडायचा आणि दुसरा बोट आपटून किंवा ओढून काढायचा. चार बारांची कमान पाहून कोणी तसे वाजवू शकत नाही, पण नवशिका गोंधळतो हे निश्चित. वाक्यखंड दाखवायचेच असतील तर तुटक कमान किंवा स्वल्पविरामासारखी श्वासखूण वापरावी, असे केंद्राला कळवले. त्यांनी कमानी सरसकट काढून टाकल्या आणि त्या भरात एकाच स्वराला लांबवणाऱ्या टायच्या दोन कमानीही उडाल्या. त्या शेवटच्या तपासणीत परत आल्या.

हार्मोनिक्स (तारेला बोट नुसते टेकवून काढलेले स्वर) आणि तारेची बदललेली जुळणी यांचे काम समाधानकारक आहे. सहावी तार ‘डी’पर्यंत उतरवायची असल्यास वर्तुळातील ६ बरोबर डी अशी सूचना सुरुवातीलाच, क्लेफच्या वर दिलेली आहे. हार्मोनिकच्या चौकोनी डोक्यासोबत फ्रेटचा आकडा आणि तार दोन्ही छापले आहेत. ते आवश्यकच होते, कारण काही लेखक चौकोनी नोट जेथे बोट टेकवायचे तेथे लिहितात आणि काही जेथे स्वर ऐकू येतो तेथे, आणि सातव्या फ्रेटवर या दोन ठिकाणांत पूर्ण सप्तकाचे अंतर पडते.

टॅबलेचरची मागणी आता पालकांकडूनच येते. केंद्र ते स्टाफखाली जोडून देते: सहा रेघा, सर्वांत वरची पहिली तार, आकडे फ्रेटचे. स्टाफ सोबत असेल तोवर हे उपयुक्त आहे. खर्च वाचवण्यासाठी काही ग्राहक नुसते टॅब मागतात आणि केंद्र ते लयीच्या दांड्यांशिवाय देते, हे मला पटत नाही. लय नसलेले टॅब हे ज्याने गाणे आधी ऐकले आहे त्याच्यासाठीच असते. केंद्राने निदान अशा ग्राहकाला दांड्यांचा पर्याय दाखवावा.

या केंद्राचा हात कोणी धरू शकणार नाही असा भाग म्हणजे देवनागरी. मराठी गाण्याचे शब्द नोटांखाली बसवताना जोडाक्षर कुठे तोडायचे हा प्रश्न येतो. ‘स्वप्न’ हा शब्द ‘स्व’ आणि ‘प्न’ असा विभागायचा, पाय मोडलेले अक्षर एकटे सोडायचे नाही. लग्नपत्रिकांसाठीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये निरर्थक चिन्हांत बदलतो, हे ओळखून त्यांनी सर्व शब्द युनिकोडमध्ये नव्याने टंकले. शब्दांखाली भातखंडे पद्धतीने सरगमही दिली आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाचे टिंब खाली आणि तार सप्तकाचे वर. हार्मोनियमच्या वर्गातून गिटारकडे वळलेली मुले या ओळीच्या आधाराने स्टाफ लवकर वाचू लागतात. कार्यक्रमाच्या पानावर शीर्षके मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत हवी होती. सीमाभागातील मुद्रकाला ते सांगावेही लागत नाही, आणि तिन्ही ओळींची उंची त्यांनी जुळवूनच दिली.

छपाई साध्या ए-४ कागदावर आणि बांधणी स्पायरल आहे, त्यामुळे पुस्तिका स्टँडवर सपाट उघडी राहते. गिटारवादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने पान उलटण्याची जागा हा चैनीचा विषय नाही. दोन पानांचा धडा समोरासमोरच्या पानांवरच आला पाहिजे, आणि त्यासाठी मध्ये एखादे पान कोरे सोडावे लागले तरी चालेल. पहिल्या रचनेत कागद वाचवण्यासाठी धडे सलग लावले होते; हे बदलताना पाने वाढली आणि त्यांचे जादा पैसे लागले. ते आधी सांगितले असते तर बरे झाले असते. शिवाय बेळगावच्या पावसाळ्यात पातळ कागद दमट होऊन स्टँडवर वाकतो, तेव्हा थोडा जाड कागद मागून घ्यावा.

काम संपल्यावर पीडीएफसोबत मूळ फाइल आणि म्युझिकएक्सएमएल (नोटेशनच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) प्रत मागून घ्यावी. केंद्र ती वेगळे पैसे न घेता देते. फिनाले या अनेक दशके चाललेल्या नामांकित सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याची घोषणा त्याच्या निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये केली, तेव्हा केवळ त्याच्याच फाइली जपून ठेवणाऱ्यांची धावपळ झाली. म्युझिकएक्सएमएलमधून स्वर सुखरूप जातात, बोटांच्या खुणांची जागा मात्र हलू शकते, म्हणून मूळ फाइलही हवी. प्रताधिकाराबाबत केंद्र सावध आहे, ही चांगली गोष्ट आहे. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. एकोणिसाव्या शतकातील रचना मोकळ्या आहेत, पण अलीकडच्या संपादकाने त्यांवर घातलेली बोटे मोकळी असतीलच असे नाही. छापील पुस्तक समोर ठेवून ‘जसेच्या तसे करून द्या’ म्हणणाऱ्याला ते नकार देतात.

ज्यांच्याकडे स्वतःचे हस्तलिखित आहे आणि प्रूफ तपासण्याची तयारी आहे, त्यांनी येथे निःशंक जावे. सोबत अर्ध्या पानाचे सूचनापत्र द्यावे: बारेचे अक्षर कोणते, आकडे नोटेच्या कोणत्या बाजूला, विराम गाळायचे की नाही, कमान म्हणजे काय. ज्यांना स्वतःला या खुणा वाचता येत नाहीत आणि दुकानदारानेच सगळे बरोबर करून द्यावे अशी अपेक्षा आहे, त्यांनी सध्या थांबावे किंवा एखाद्या शिक्षकाकडून प्रूफ तपासून घ्यावे. दर पानामागे ठरतो आणि टॅब जोडल्यास वाढतो; दोन प्रूफ त्यात धरलेली असतात, तिसऱ्याचे वेगळे पैसे पडतात. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी नोटेशनचे काम मागे पडते, म्हणून नाताळसाठी पाने हवी असतील तर हस्तलिखित दिवाळीपूर्वीच त्यांच्या हाती द्यावे.